जोडीदारासाठी एक वाक्य

"आभारी आहे," असं ती म्हणाली आणि केमिस्टची पेन्सिल वहीवर जिथल्या तिथे थांबली. वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती, दार ढकलून एक बाई आत आली होती, तिला जागा करून द्यायला आचारी बाकावर सरकला होता, आणि त्यावर ती हे दोन शब्द बोलली होती. लोक अशा वेळी थँक्यू म्हणतात, नाहीतर नुसते हसतात. इतकं पुरतं, इतकं सावकाश कुणी म्हणत नाही. खालच्या पट्टीतला आवाज, शेवटचा स्वर किंचित ओढलेला. हा आवाज केमिस्टनं आयुष्यात एकदाच ऐकला होता, फोनवर, जेमतेम दोन मिनिटं, सव्वादोन वर्षांपूर्वी. त्यानं मान वर केली नाही. एका आवाजासारखे दहा आवाज असतात, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण बाईंनी फळ्यावर लिहिलेलं क्रियापद त्याच्या डोळ्यांसमोर नुसत्या खडूच्या रेघा होऊन राहिलं.

बाई म्हणजे फ्रेंचच्या मास्तरीणबाई. वय साठीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, आवाज मात्र खणखणीत. सकाळी सात ते साडेआठ त्या शिकवायच्या, त्यानंतर विद्यार्थी आपापल्या कामाला पळायचे. सगळी मोठी माणसं, सगळी परदेशी जायला निघालेली, आणि भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय कुणाचाच कागद पुढे सरकणार नव्हता. बाईंचा एक नियम होता, तो त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या. तिलाही ऐकवला. "हे बघा, इथं खोटं बोलायचं. परीक्षक तुम्हाला विचारणार, आयुष्यात काय वेगळं केलं असतं, कशाचं वाईट वाटतं. त्याला तुमच्या वाईट वाटण्याशी काडीचं देणंघेणं नाही. त्याला क्रियापद हवं. तुम्ही खरं आठवत बसलात की जीभ अडखळलीच म्हणून समजा. तेव्हा थापा मारा. पण शुद्ध मारा." त्यामुळे तो वर्ग म्हणजे थापाड्यांचा अड्डा झाला होता. आचाऱ्याला आतापर्यंत दोन बायका, एक जहाज आणि तुरुंगातून पळालेला एक भाऊ झाला होता. नर्स पूर्वी सर्कशीत होती. केमिस्टनं आपण तीन वेळा पोहायच्या शर्यती जिंकल्याचं सांगितलं होतं, आणि त्याला पाण्याची भीती वाटायची.

तास सुटताना बाईंनी तिला विचारलं, काय करता? ती म्हणाली, चष्म्याच्या दुकानात आहे, डोळे तपासते. त्या दिवसापासून ती चष्मेवाली झाली. केमिस्टला जरा हायसं वाटलं, कारण फोनवरच्या बाईनं आपण काय करतो ते सांगितलं नव्हतं, आणि जे माहीत नाही ते जुळतही नाही. पण दुकानाकडे चालत जाताना तिचे ते दोन शब्द त्याच्या मागोमाग येत राहिले. काउंटरमागे उभा राहून त्यानं पांढरा कोट चढवला आणि पाकिटांचा गठ्ठा पुढे ओढला. तीच पाकिटं होती. त्या दुकानात मोठ्या बाटलीतल्या गोळ्या मोजून कागदी पाकिटात घालून देत. पाकिटावर तीन चौकोन छापलेले: पहिल्यात उगवता सूर्य, दुसऱ्यात डोक्यावरचा सूर्य, तिसऱ्यात चंद्रकोर. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. सकाळची गोळी असली की पहिल्या चौकोनात खूण करायची. आठवड्याचा चौकोन नव्हता. आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध क्वचित यायचं, मग चौकोनांवर काट मारून खाली हातानं लिहायचं. गेली अठरा वर्षं तो असंच करत आला होता, एक दिवस सोडून.

त्या दिवशी गर्दी होती म्हणावं, तर गर्दी रोजच असायची. मालक जेवायला गेला होता म्हणावं, तर तोही रोजच जायचा. एक शेजारीण कुणा म्हातारीच्या सांधेदुखीची चिठ्ठी घेऊन आली होती. बारीक पिवळी गोळी, आठवड्यातून एक. त्यानं चिठ्ठी वाचली होती, नीट वाचली होती, त्यावरचं 'आठवडा' त्याला दिसलं होतं, आणि तरी हातानं सवयीनं उगवत्या सूर्यापुढे खूण करून टाकली. गोळ्या बारा होत्या. बारा आठवड्यांच्या गोळ्या म्हातारीनं दिवसाला एक अशा घ्यायला सुरुवात केली. नवव्या गोळीनंतर तिच्या तोंडात जखमा झाल्या, पाणीही उतरेना, रक्तातल्या पेशी उतरत गेल्या आणि ती गेली. हे सगळं त्याला नंतर कळलं, तुकड्यातुकड्यांनी. पहिला तुकडा तो फोन. "तुमच्या दुकानातून माझ्या आईची औषधं नेली होती," एक बाई म्हणाली, "पाकीट आता माझ्याकडे नाही. त्यावर काय लिहिलं होतं तेवढं सांगता का?" त्यानं तिला थांबायला सांगितलं, खणातून पाकिटाची कार्बन प्रत काढली, आणि खूण बघितली. पहिला चौकोन. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते काय असतं हे त्याला तेव्हा समजलं. आणि मग फोनमध्ये बोलणारा आवाज त्याचाच होता, अगदी शांत, दुकानदारी आवाज: "आठवड्यातून एकदा असंच लिहिलंय. आम्ही नेहमी तसंच लिहितो." मग ती म्हणाली, "म्हणजे वाचताना मीच चुकले. आभारी आहे." त्यानं प्रत फाडली, दोनदा, चारदा, आणि तुकडे खिशात घालून घरी नेले. दुकानातल्या टोपलीत टाकायची हिंमत झाली नाही.

आता ती त्याच्या शेजारी बसत होती. बाकावरची जागा एकदा पडली की पडली, वर्गात मोठी माणसंही पोरांसारखीच वागतात. तिच्या कोपराचा धक्का त्याच्या वहीला लागायचा, ती माफी मागायची, आणि तो दचकायचा. तिनं अजून आईचं नाव काढलं नव्हतं. कदाचित फोनवरची ती ही नसेलही. ही आशा त्यानं दोन आठवडे उराशी धरली, आणि त्याच वेळी तिच्या प्रत्येक वाक्याला कान देऊन तो पुरावा गोळा करत होता. कुठं राहते, कुठल्या बाजूनं येते, आमच्या रस्त्यावरून जाते का. भिंतीवर बाईंनी एक तक्ता लावला होता, त्यात एक घर काढलं होतं. फ्रेंचमधली काही क्रियापदं वेगळ्या सहायक क्रियापदाबरोबर चालतात, ती सगळी त्या घरात होती: दारातून कुणी आत येतंय, कुणी बाहेर जातंय, जिन्यावरून कुणी चढतंय, कुणी पडतंय, वरच्या खोलीत कुणी जन्मतंय आणि तळाच्या खोलीत कुणी मरून पडलंय. चित्र गमतीचं होतं, मेलेल्याची जीभ बाहेर काढलेली होती. केमिस्टला ते बघवत नसे. बाई म्हणायच्या, तक्त्याकडे बघा, आणि तो खिडकीकडे बघायचा.

घरी बायकोनं सगळ्या वस्तूंवर फ्रेंच चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दार, आरसा, चमचा, मीठ. ती स्वतः वर्गाला जात नव्हती, त्याच्याकडून ऐकून ऐकून शिकत होती आणि त्याच्यापेक्षा बरं बोलत होती. तिची बहीण तिकडे होती, बहिणीनं त्याच्यासाठी एका औषधाच्या दुकानात शब्दही टाकून ठेवला होता. अर्जात एक प्रश्न होता: आपल्या कामाबाबत आपल्याविरुद्ध कधी तक्रार झाली आहे का? त्यानं 'नाही' लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. तक्रार कुणी केलीच नव्हती. आरशासमोर दाढी करताना तो क्रियापदाच्या एका काळाची उजळणी करायचा. तो काळ त्याला बाकी सगळ्यांच्या आधी आला होता, बाई शिकवण्याआधीच त्यानं पुस्तकात पुढे जाऊन तो गाठला होता: जे घडलं नाही, पण घडलं असतं, त्याचा काळ. झोरे द्यू. मी करायला हवं होतं. मी तपासायला हवं होतं. ती वाचली असती. "अहो, काय पुटपुटताय?" बायको दारात येऊन म्हणाली. "क्रियापदं," तो म्हणाला. "तोंड का असं पडलंय मग? परीक्षेच्या आधी कच खाऊ नका हं. मी आईलासुद्धा सांगून टाकलंय." गालावर वस्तऱ्यानं बारीक कापलं होतं, ते तिला दिसलं आणि तिनं टॉवेल पुढे केला. टॉवेललाही चिठ्ठी होती.

तिसऱ्या आठवड्यात चष्मेवाली त्याला म्हणाली, "तुम्ही फळ्याकडे डोळे बारीक करून बघता. या एकदा दुकानात, दहा मिनिटांचं काम आहे." नको म्हणायला त्याला कारण सुचलं नाही. नको म्हटलं तर का नको, असं तिच्या मनात येईल, या धास्तीनं तो हो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तिच्या दुकानाच्या मागच्या लहान खोलीत उंच खुर्चीत बसला होता. तिनं त्याच्या नाकावर जड लोखंडी चौकट चढवली, एका डोळ्यापुढे झाकण लावलं, दिवा घालवला. समोर अक्षरांची पेटी तेवढी उजळली. तिचे हात थंड आणि सराईत होते. "हे बरं दिसतं की हे?" काच बदलत ती विचारायची, "हे, की हे?" चौकटीमुळे त्याला मान हलवता येत नव्हती. "तुमचं काम बारीक अक्षराचं," ती म्हणाली, "औषधाच्या दुकानात चूक झाली तर केवढ्याला पडतं." तिला माहीत आहे. तिनं मला इथं त्याचसाठी आणून बसवलंय. तो दाराकडे जायची वाट मनात मोजू लागला, तीन पावलं, डावीकडे लहान टेबल. पण ती त्याच सुरात पुढे बोलत होती, काचा पुसत, जणू हवापाण्याच्या गप्पा. "माझ्या हातून झाली चूक. आईच्या गोळ्यांची. आठवड्याला एक होती, मी रोज दिली. आई म्हणायची, अगं, डॉक्टर सोमवार म्हणाले होते. मी म्हटलं, आई, पाकिटावर रोज आहे, तू विसरतेस. मला अजून दिसतं हो ते पाकीट, सूर्यापाशी खूण. पण दुकानातल्यांनी सांगितलं, तसं नव्हतंच. त्यानंतर मी तीन ठिकाणी जाऊन स्वतःचे डोळे तपासून घेतले. तिन्हीकडे एकच निघालं. माझी नजर अगदी चोख आहे." तिनं काच बसवली. "वाचा बघू खालची ओळ."

त्यानं वाचली. सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ त्यानं एका दमात वाचली, घाम कानामागून मानेवर उतरत होता आणि अक्षरं मात्र कधी नव्हती इतकी स्वच्छ दिसत होती. "डोळे चांगले आहेत तुमचे," ती म्हणाली, "मग असे मिचकावता का?" तो कोणत्या दुकानात असतो, हे तिनं विचारलं नाही. फोनवरचा माणूस हाच, हे तिला माहीत नव्हतं. हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडल्याची त्याला इतकी शरम वाटली की बाहेर रस्त्यावर येऊन तो भिंतीला टेकून उभा राहिला. आतापर्यंत त्याला वाटत आलं होतं की आपल्या हातून एक माणूस मेलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की ते हातानं झालं होतं, पण त्यानंतरचं तोंडानं झालं होतं, आणि ते अजून चालूच होतं. ती रोज सकाळी उठून आपल्या धडधाकट डोळ्यांवर संशय घेत होती. तिला त्यातून सोडवू शकेल असा माणूस जगात एकच होता, आणि तो फ्रेंच शिकून पळून जायच्या बेतात होता. सांगितलं तर परवाना जाईल, अर्ज जाईल, बायको त्या चिठ्ठ्या एकेक करून काढील. कदाचित पोलीसही येतील. आपण धरले जातानाचं चित्र त्याला स्पष्ट दिसायचं, पांढऱ्या कोटासकट. परीक्षेला दहा दिवस उरले होते. दहा दिवस मूग गिळून बसायचं, मग तिचा रस्ता वेगळा, आपला वेगळा. हे त्यानं ठरवलं, आणि ठरवल्यावर भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली.

मग तो धडा आला. बाईंनी खडू हातात घेतला आणि म्हणाल्या, "आज जोडीनं. एकानं स्वतःबद्दल एक वाक्य सांगायचं, असं झालं असतं तर तसं झालं असतं. जोडीदारानं तेच वाक्य उचलून पुढे न्यायचं, समोरच्याशी बोलत. नियम ठाऊक आहे. थापा, आणि शुद्ध." आचारी म्हणाला, जहाज बुडालं नसतं तर मी तिसरं लग्न केलं असतं. नर्स म्हणाली, जहाज बुडालं नसतं तर मी तुमच्याशी लग्नाला नकार दिला असता. वर्ग खो खो हसला. मग बाईंचं बोट त्यांच्या बाकाकडे वळलं. चष्मेवाली उभी राहिली, वहीत न बघता, फ्रेंचमध्ये एकेक शब्द ठेवत बोलली: मी पाकीट नीट वाचलं असतं, तर माझी आई मेली नसती. बाईंनी मान डोलावली. "छान! मरणाला बरोबर सहायक लावलात. इथं निम्मे लोक चुकतात." नर्स म्हणाली, "केवढी करुण थाप!" सगळे पुन्हा हसले, आणि चष्मेवालीही ओठांच्या कडेनं हसली. आता त्याची पाळी होती. सोपं वाक्य तयार होतं, तुम्ही पाकीट नीट वाचलं असतं तर तुम्ही आज इथं नसता, असलं काहीतरी. तो उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं आणि स्वतःलाच ऐकू आलं: सी झाव्हे एक्री... मी पाकिटावर 'आठवड्यातून एकदा' असं लिहिलं असतं, आणि फोनवर तुमच्याशी खोटं बोललो नसतो, तर तुमची आई मेली नसती आणि तुम्ही रडला नसता.

मग बाईंनी खडूचे हात एकमेकांवर झटकले. "वा! जोडीदाराची गोष्ट कशी पुढे नेली बघा. स्वतः त्यातलं पात्र होऊन बसले. परीक्षेत असं बोला, पुरे." आचाऱ्यानं बाक वाजवला. केमिस्ट खाली बसला. सांगून झालं होतं. सात माणसांसमोर, मोठ्यानं, जिला सांगायचं तिच्या तोंडावर सांगून झालं होतं, आणि कुणाच्या कानावर काहीच गेलं नव्हतं. चष्मेवाली त्याच्याकडे वळली, तिचे डोळे पाणावले होते. "तुम्ही फार चांगले आहात," ती हळूच म्हणाली, "वाक्यापुरता का होईना, दोष अंगावर घेतलात." त्याला वाटलं, आपण ओरडणार. तो ओरडला नाही. उरलेला तास तो वहीत रेघा मारत राहिला, आणि मनात एक नीच, गुबगुबीत समाधान पसरत होतं की झालं, आपण आपलं काम केलं, आता तिला कळलं नाही त्याला आपण काय करणार.

तास सुटल्यावर तो सगळ्यांच्या आधी बाहेर पडला, पण व्हरांड्यात तिनं त्याला गाठलं. हातात वही होती. "एक मिनिट थांबता का? तुमचं फ्रेंच चांगलं आहे म्हणून विचारते." वहीत एकच वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, पाच-सहा वेळा, एकाखाली एक. "माझा भाऊ तिकडे असतो. आई गेल्यापासून बोलत नाही माझ्याशी. वहिनी तिकडची, भाचरांना आपली भाषा येत नाही. आजी कशी गेली म्हणून ती विचारणार. मीच सांगायचं ठरवलंय, त्यांच्या भाषेत, म्हणून तर हा सगळा खटाटोप. बाईंना दाखवायला लाज वाटते. यात चूक नको राहायला." त्यानं वाचलं. मी नीट वाचलं असतं तर तुमची आजी आज असती. ती माझ्यामुळे गेली. ओळ ओळ सारखी, मात्रा मात्रा जागच्या जागी. त्याच्यामागे जिना होता. पंधरा पायऱ्या, मग रस्ता, मग दुकान, मग दहा दिवस.

"शुद्ध आहे ना?" तिनं विचारलं.

"शुद्ध आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही हे त्यांना सांगू नका."

"का?"

"खरं नाही ते." त्याला आपला आवाज लांबून येतोय असं वाटलं. "तुम्ही बरोबर वाचलं होतं. सूर्यापाशी खूण होती. ती मी केली होती. फोनवर मीच होतो. माझ्या हातात प्रत होती, त्यावर खूण दिसत होती, आणि मी तुम्हाला नाही म्हणालो. मगाशी वर्गात मी थाप मारली नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली, डॉक्टर बघतात तशी, एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात. तिच्या हातातली वही हळूहळू खाली आली. वर्गाच्या दारातून आचारी आणि नर्स हसत बाहेर पडत होते, त्यांच्यामागे भिंतीला धरून बाई. तिचा चेहरा बघून ते सगळे होते तिथेच थांबले. केमिस्टला वाटलं, आता ती मारील. तिनं मारलं तर बरं होईल, असंही वाटलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज फुटला, आणि मधेच त्याला श्वास घ्यावा लागला. आचाऱ्यानं नर्सकडे बघितलं.

"दुकानाचं नाव सांगा. तुमचं सांगा. तारीख सांगा." तिनं वहीचं कोरं पान काढलं आणि वही, पेन्सिल दोन्ही त्याच्यापुढे धरली. "तुम्हीच लिहा. आपल्या भाषेत लिहा. भावाला पाठवायचंय."

त्यानं पेन्सिल घेतली. भिंतीला वही टेकवून तो लिहायला लागला, आणि ती त्याच्या खांद्याशी उभी राहून प्रत्येक अक्षर वाचत होती.